काटकसरीचा संसार आणि उपकारस्तुती: वही, साठवण, सरवा

अंगणवेल | सोमवार, १६ फेब्रुवारी २०२६, सकाळी १०:४२

परवा राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस. ईस्टर ५ एप्रिलला. मधले रविवार वगळले की चाळीस दिवस. या दिवसांत काय सोडायचं यावर मंडळीत (चर्चमध्ये) दरवर्षी बोलणं होतं, घर कसं चालवायचं यावर मात्र फारसं होत नाही. म्हणून हा धागा.

‘असेल त्यात तृप्त राहा’ हे आपल्याकडे घरोघरी भिंतीवर असतं. बायबलमध्ये प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना याबद्दल लिहिलं तेव्हा तो बंदिवासात होता आणि त्याने शब्द वापरला ‘शिकलो आहे’. म्हणजे तृप्ती शिकावी लागते. शिकायची तर रोज हाताखालून जाणाऱ्या वस्तूंवरच शिकता येईल: पीठ, तेल, दूध, गॅस, कापड. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजार पुरुष जेवून उठल्यावर प्रभू येशूने उरलेले तुकडे वेचायला लावले आणि बारा टोपल्या भरल्या. भाकरी वाढवणं ज्याच्या हातात होतं त्यानेही तुकडे टाकू दिले नाहीत. काटकसरीचा पाया मला इथे दिसतो. कमी पडेल या धास्तीने जपलं की माणूस चिकट होतो. मिळालेलं आहे हे ओळखून जपलं की हात मोकळा राहतो.

सुरुवात वहीपासून. दोनशे पानी साधी वही, चार रकाने: तारीख, वस्तू व माप, रुपये आणि चौथा ‘मिळालं’. पैसे न देता घरात आलेलं सगळं चौथ्यात लिहायचं, मापासकट. शेजारून आलेल्या शेवग्याच्या सहा शेंगा, गावाकडची दहा किलो ज्वारी, मोठ्या भावंडाचा धाकट्याला आलेला गणवेश, शिलाईवाल्या बाईंनी न घेतलेले वीस रुपये. महिनाअखेरीला तिसऱ्या रकान्याची बेरीज करतो तशी चौथ्याचीही बाजारभावाने करायची. मग घरच्या प्रार्थनेत ‘सर्व आशीर्वादांसाठी’ असं मोघम म्हणावं लागत नाही. वही उघडायची आणि एकेक नाव घेऊन उपकार मानायचे. मुलांनाही ते कळतं, कारण शेंगांची आमटी त्यांनी खाल्लेली असते.

वही कुठे मोडते तेही सांगते. रात्री आठवून लिहायचं ठरवलं की तिसऱ्या आठवड्यात बंद पडते. पेन्सिल दोरीने वहीला बांधायची, वही पिठाच्या डब्यावर ठेवायची आणि पिशवी रिकामी करतानाच लिहायचं. पहिला महिना फक्त स्वयंपाकघराचा हिशेब. ‘इतर’ हे खातं एकूण खर्चाच्या विसाव्या हिश्श्याच्या वर गेलं की त्यातलं मोठं काय ते काढून त्याला स्वतंत्र नाव द्यायचं.

ज्यांना जे नेमकं माहीत आहे ते लिहा. माप आणि चुका दोन्ही येऊ द्या.

नवी_पाटी | १६ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

ताई, सलाम. दोन प्रश्न. तिघांचं घर, महिन्याला हातात ३२,००० रुपये, भाडं ८,०००. कार्डाचे २०,००० थकलेले. अशा वेळी आधी दशमांश (मिळकतीचा दहावा हिस्सा मंडळीला) की आधी कर्ज? आणि किराण्याला किती धरावेत?

हिशेबनीस | १६ फेब्रुवारी, दुपारी १:०५

मांडणी अशी करा:

दशमांश ३,२००
बचत किंवा कर्जफेड ३,२००
भाडं ८,०००
शाळा ३,५००
किराणा, दूध, भाजी, अंडी, मासळी ९,०००
वीज, गॅस, मोबाइल १,९००
प्रवास १,७००
औषध ८००
हात राखून ७००

बेरीज बरोबर ३२,०००. पगार झाला त्या दिवशी पहिल्या दोन रकमा बाजूला काढायच्या. महिनाअखेरीला उरेल त्यातून देऊ म्हटलं तर उरत नाही, कारण उरलेल्या पैशाला नाव नसतं.

आता कर्ज. बऱ्याच कार्डांचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. २०,००० वर साधारण ७०० रुपये. कार्डवाले मागतात ती किमान रक्कमच भरत राहिलात तर तिचा मोठा भाग व्याजात जातो आणि मुद्दल जागच्या जागी राहतं. बचतीचे ३,२०० सगळे तिकडे वळवले आणि कार्ड कपाटात ठेवलं तर सात-आठ महिन्यांत सुटता. दशमांशाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कर्ज काढून दान देऊ नये. पौल करिंथकरांना लिहितो की ज्याच्याजवळ जे असेल त्यावरून त्याचं देणं मान्य होतं, नसेल त्यावरून नव्हे. थकबाकी फिटेपर्यंत १,००० द्या, पण पहिल्याच दिवशी द्या आणि उरलेले २,२०० कर्जात भरा. महिन्याला ५,४०० गेले तर चार महिन्यांत जवळजवळ मोकळे. पाचव्या महिन्यापासून पूर्ण दशमांश. पाळकांना हे सांगायला संकोच वाटू नये.

९,००० ची फोड: महिन्याचा किराणा ३,८००, दूध २,०००, भाजी-अंडी-मासळी ३,२००. शेवटची रक्कम बहुतेक जण चाराने भागतात आणि आठवड्याला ८०० काढतात. महिना २८ दिवसांचा नसतो, त्यामुळे शेवटचे दोन दिवस कोरडे जातात आणि तेव्हाच उधारी होते. आठवड्याला ७४० काढा, राहिलेले २४० त्या दोन दिवसांसाठी.

प्रश्नचिन्ह | १६ फेब्रुवारी, दुपारी ३:३१

हिशेब पटला, विषय पूर्ण पटला नाही. ‘असेल त्यात समाधान माना’ हे वाक्य आजवर कोणाला ऐकवलं गेलं? सुनेला, मोलकरणीला, शाळेतल्या तुटपुंज्या पगारावरच्या बाईला. तृप्तीच्या नावाखाली घरातल्या बाईने शिळं खायचं आणि बाकीच्यांनी ताजं, ही काटकसर नव्हे. या धाग्यात तेही बोललं जावं.

अंगणवेल | १६ फेब्रुवारी, दुपारी ४:१०

बोललंच पाहिजे. पौलाने ते वाक्य स्वतःबद्दल लिहिलं, दुसऱ्याच्या ताटाबद्दल नाही. दुसऱ्याचा मोबदला अडवून केलेल्या बचतीबद्दल शास्त्र (बायबल) काय म्हणतं ते याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे: मजुरांची रोखून धरलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. म्हणून तीन गोष्टी काटकसरीच्या यादीत येऊच नयेत. घरकाम करणाऱ्या बाईंचा पगार आणि सुट्टी, टोपलीवाल्या भाजीवालीशी दोन-पाच रुपयांची घासाघीस, आणि घरातल्या कोणाही एकाचं दूध, अंडं, औषध.

शिळ्याबद्दल नियम सोपा ठेवता येतो. उरलेलं असेल तर ते सगळ्यांच्या ताटात थोडं थोडं, सगळ्यात आधी वाढायचं. शिळ्या पोळ्या सहा उरल्या तर सकाळी कुस्करा सगळ्यांचाच. भात मात्र जपून: शिजलेला भात ओट्यावर रात्रभर राहिला तर त्यात असे जंतू वाढतात की त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. जेवण झाल्यावर तासाभरात पसरट ताटात निववून फ्रिजमध्ये ठेवायचा, दुसऱ्या दिवशी एकदाच चांगला वाफवून संपवायचा. फ्रिज नसेल तर मोजूनच लावायचा; मोठ्या माणसाला एका वेळी ६० ते ७० ग्रॅम तांदूळ पुरतो.

खळ्यावरून | १६ फेब्रुवारी, रात्री ८:४८

हिशेबनीसांनी ७०० रुपयांना ‘हात राखून’ म्हटलंय. आमच्या राहुरी-श्रीरामपूरकडे याला फार चांगला शब्द आहे: सरवा. कापणी झाल्यावर शेतात जी कणसं राहतात ती गोरगरीब वेचून नेतात, तो सरवा. मराठी शास्त्रात गरीब विधवा रूथ बवाज नावाच्या शेतमालकाच्या शेतात सरवाच वेचते. लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आज्ञा आहे की शेताच्या कडा पार कापू नका, गळालेलं वेचू नका, द्राक्षमळा झाडून नेऊ नका. बवाज तर पुढे जाऊन गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम थोडी कणसं गाळून ठेवा. दान वेगळं, सरवा वेगळा. दान आपण नेऊन देतो. सरवा म्हणजे आपल्या कमाईची कड न कापता सोडणं, समोरच्याला हात पसरावा लागू नये म्हणून. ते ७०० रुपये महिन्याच्या शेवटी बचतीत ढकलू नका. बसच्या पैशाला अडलेलं पोर, औषध घ्यायचं राहिलेली म्हातारी, यांच्यासाठी ते मोकळेच ठेवा.

आता धान्य, कारण एप्रिल जवळ आलाय.

किती घ्यायचं हे आधी काढा. एका पोळीला ३० ग्रॅम कणीक धरा. दिवसाला १६ पोळ्या म्हणजे ४८० ग्रॅम, महिन्याला साडेचौदा किलो, वर्षाला पावणेदोन क्विंटल. घरात जागा आणि हातात रोख असेल तर वर्षाचा, नसेल तर ५० किलोचं एक पोतं, ते साडेतीन महिने जातं. व्याजाने पैसे काढून वर्षाचा गहू भरण्यात काहीच वाचत नाही. वर्षापुढचं साठवूही नये. निर्गम पुस्तकात मान्ना (देवाने रानात दिलेलं अन्न) उरवून ठेवला त्यात किडे पडले, पण सहाव्या दिवशी शब्बाथासाठी (विसाव्याच्या दिवसासाठी) दुप्पट ठेवला तो टिकला. ठरलेल्या गरजेपुरतं साठवणं ही शहाणपणाची गोष्ट, योसेफानेही पंचमांश साठवला. पुढच्या हंगामाच्या पलीकडचं साठवलं की दाणा खरंच किडतो.

वाळवण: गहू निवडून, चाळून कडक उन्हात दोन ते तीन दिवस. थर दोन बोटांपेक्षा जाड नको, तासा-दीड तासाने हात फिरवायचा. दाणा दाताखाली कटकन तुटला पाहिजे. दबला किंवा चपटा झाला तर अजून ओल आहे. सगळ्यात मोठी चूक पुढेच होते: संध्याकाळी गरम गहू तसाच कोठीत भरतात. आतली ऊब वर चढते, झाकणाला घाम येतो, तो वरच्या थरावर पडतो आणि तिथे बुरशी धरते. उन्हातून आत आणायचा, सुती कापड झाकून रात्रभर निवू द्यायचा, सकाळी भरायचा. कोठी आतून धुऊन, उन्हात तापवून कोरडी केलेली हवी. काठोकाठ भरा, कारण वर मोकळी हवा राहिली की टोक्यांना (धान्यातल्या किड्यांना) बरं. वाळलेला कडुनिंबाचा पाला तळाशी, मध्ये आणि वर. ओला पाला घातलात तर तुम्हीच ओल भरलीत.

तूरडाळ किंवा मुगडाळीला किलोमागे एक चहाचा चमचा एरंडेल, तळहातावर घेऊन चोळायचं, अर्धा दिवस ऊन, मग बरणी. रांधायच्या आधी कोमट पाण्याने दोनदा धुतलं की वास जातो.

तीन आठवड्यांनी कोठीत कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागली की किडीला सुरुवात झाली समजा, लगेच पुन्हा ऊन द्या. जुन्यावर नवं ओतू नका, एक टोका सगळं धान्य धरतो.

सल्फासच्या गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नका. त्यातून फॉस्फीन वायू निघतो आणि झोपेतली माणसं जातात. पाऱ्याच्या टिकड्याही नकोत.

नवी_पाटी | १६ फेब्रुवारी, रात्री ९:१५

काका, सरव्याचं फार आवडलं, वहीत पाचवा रकानाच करते. पण गच्ची नाही, बाल्कनीत ऊन दोन तास. मग?

खळ्यावरून | १६ फेब्रुवारी, रात्री ९:४०

मग पोतं नको, दहा-दहा किलो घ्या. दोन किलोच्या जाड पिशव्यांत घट्ट बांधून एकेक पिशवी फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवायची, अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी बंद असतानाच चार-पाच तास खोलीच्या हवेत येऊ द्या. थंड असताना उघडली तर दाण्यावर पाणी धरतं आणि सगळी मेहनत जाते. रवा कोरडाच भाजून, निववून भरला तर जाळी धरत नाही.

आगाशी_मावशी | मंगळवार, १७ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

वसईकडचं सांगते. आमच्या कॅथलिकांत प्रायश्चित्तकाळात मांस वर्ज्य करतात, मासळी चालते. नियमात बसतं म्हणून शुक्रवारी सुरमई किंवा पापलेट आणलं आणि ते कोंबडीच्या दुप्पट पडलं, तर उपवासाचा जीवच गेला. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन कडक दिवस. १८ पूर्ण ते ५९ वर्षांपर्यंतच्यांनी एकच पूर्ण जेवण, बाकी दोन वेळा थोडकं, दोन्ही मिळून एका जेवणाएवढं होऊ नये इतकं. आजारी, गरोदर, अंगावर पाजणारी, त्यांना सूट आहे आणि ती त्यांनी घ्यावी.

सोडलेल्याचे पैसे त्याच दिवशी रोख काढून डब्यात टाका. शुक्रवारी एक किलो कोंबडीच्या जागी शंभर ग्रॅम जवळा (सुकी बारीक कोळंबी) आणि चार बटाटे झाले, तर दोन्हींच्या भावातला फरक वहीत लिहा, नोटा डब्यात घाला, डबा ईस्टरआधी धर्मग्रामाच्या (आपल्या चर्चच्या) मदतपेटीत द्या. ‘नंतर हिशेब करू’ म्हटलेले पैसे चहा-वड्यात जातात.

सुकी मासळी आगोटीआधी, म्हणजे पावसाळा लागायच्या आधी भरायची. राज्यात १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ताजं महाग. मार्च ते मे या दिवसांत घ्या. बोंबील वलांडीवर (मासळी वाळवायच्या बांबूच्या मांडवावर) नीट वाळलेला असेल तर मोडताना आवाज येतो. वाकला तर ओला आहे, पिवळट झाला किंवा नाकाला झोंबणारा वास आला तर सोडून द्या, कितीही स्वस्त असो. घरी आणल्यावर डोकी-शेपट्या कापून अजून दोन दिवस ऊन, निववायचं, पत्र्याच्या डब्यात कागद घालून भरायचं, झाकणाच्या कडेला चिकटपट्टी. जवळा आधी बारीक चाळणीने चाळा, रेती निघते. मग मंद आचेवर तीन-चार मिनिटं कोरडा परता, हाताला कुरकुरीत लागला की पुरे, गार झाल्यावर बरणीत. करताना कढत पाण्यात दोन मिनिटं ठेवून निथळायचा, खवट वास उतरतो. खारवलेली मासळी वेगळ्या डब्यात, मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि शेजारचा बोंबीलही सादळतो. जुलैमध्ये उघडीप मिळाली की सगळं एकदा उन्हात.

आणखी एक. राजेळी केळी घडाने पिकतात आणि एकदम मऊ पडतात. सुकेळी (वाळवलेली केळी) करायची तर साल काळपट व्हायला लागल्यावर, पण गर घट्ट असतानाच सोला, जाळीखाली सात-आठ दिवस ऊन. रात्री आत घ्या. फार पिकलेली घेतली तर ती वाळण्याआधी आंबतात.

निखारा | १७ फेब्रुवारी, दुपारी १२:१८

गॅसबद्दल. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. लावल्याची तारीख खडूने सिलिंडरवरच लिहा. ४५ दिवस गेला तर दिवसाला ३१६ ग्रॅम, ५२ दिवस गेला तर २७३. हा आकडा कळल्याशिवाय काय उपयोगी पडलं ते समजत नाही.

सगळ्यात जास्त फरक भिजवण्याने पडतो. छोले-राजमा आठ तास, तूरडाळ अर्धा तास. पहिली शिट्टी झाली की आच एकदम बारीक. त्यापुढच्या मोठ्या शिट्ट्या म्हणजे बाहेर सोडलेली वाफ, डाळ त्याने लवकर शिजत नाही. भात आणि डाळ एकाच कुकरमध्ये दोन भांड्यांत. कुकरच्या कडेने वाफ येत असेल तर रबरी रिंग सैल झाली आहे. ती बदला, ओढून-ताणून वापरू नका. ज्योत पिवळी आणि भांड्याचं बूड काळं होत असेल तर बर्नरची भोकं बुजलीत: बर्नर गार झाल्यावर काढून सोड्याच्या गरम पाण्यात भिजवा, भोकं सुईने मोकळी करा, पूर्ण कोरडा करूनच बसवा. ओला बसवला तर ज्योत फडफडते.

दूध: ६ टक्के स्निग्धांशाच्या लिटरभर म्हशीच्या दुधात एकूण तूपच साधारण ६० ग्रॅम असतं, म्हणून कोणी लिटरला पाव किलोच्या गोष्टी सांगितल्या तर विश्वास ठेवू नका. दूध मंद तापवून, न ढवळता निववून, फ्रिजमध्ये सहा-सात तास ठेवून साय काढली तर त्यातलं निम्म्याहून जास्त हाती येतं. साय आठवडाभरच साठवा, पहिल्याच दिवशी चमचाभर विरजण घाला. न विरजता ठेवली तर कडवट होते आणि तो कडवटपणा कढवूनही जात नाही. ताक कढीला, बेरीत गूळ आणि कुस्करलेली पोळी घालून लाडू.

प्रश्नचिन्ह | १७ फेब्रुवारी, दुपारी २:०२

माझ्या आक्षेपाला सरळ उत्तर मिळालं, आभार. आता माझ्याकडून नाताळच्या तेलाबद्दल, कारण फराळात सगळ्यात जास्त तेच वाया जातं. तळण्याचा क्रम ठरवा. आधी कुलकुल (काट्यावर वळून तळलेले मैद्याचे तुकडे; पाकात नंतर घोळायचे असल्याने पिठात साखर नसते), मग करंज्या, मग शंकरपाळे, शेवटी तिखट-तीळ घातलेली चकली. उलटा क्रम झाला तर तीळ तळाशी जळतात आणि करंजीला तिखटाचा वास लागतो. एखादी करंजी फुटली तर तिथेच थांबून सारण गाळून घ्या, साखर जळली की सगळं तेल काळं. उरलेलं तेल गार झाल्यावर कापडातून गाळून पंधरवड्यात भाजी-फोडणीत संपवा, पुन्हा तळणीला नको. फेस येतो, लवकर धुरावतं किंवा चिकट दाट होतं, असं झालं तर टाकून द्या. ती काटकसर तब्येतीला महाग पडते.

कुलकुलचं माप: अर्धा किलो मैदा, दोन चमचे रवा, दोन चमचे तूप, एक अंडं, चिमूट मीठ, नारळाचं दूध लागेल तसं. पीठ घट्ट हवं. सैल झालं तर काट्यावर वळलेलं तेलात उलगडतं. आच मध्यम, नाहीतर बाहेरून तांबूस आणि आत कच्चे.

सुई_दोरा | १७ फेब्रुवारी, सायंकाळी ६:२५

जुन्या साड्यांची गोधडी, थोडक्यात. फक्त सुती साड्या. सिंथेटिक सरकते आणि घाम शोषत नाही. साडेपाच मीटरची साडी मधोमध कापली की पावणेतीन मीटरचे दोन तुकडे, ते काठाला काठ जोडले की साधारण पावणेतीन बाय सव्वादोन मीटरचा एक थर. तीन साड्या म्हणजे तीन थर, पुण्या-नगरच्या थंडीला पुरतात. सगळ्या साड्या आधी गरम पाण्यात धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात एक थर आटतो आणि फुगे येतात. जमिनीवर ताणून पसरा, मधून कडेकडे लांब कच्चे टाके घाला, मग पक्का धावदोरा कडेपासून आत. दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. सगळ्यात विरलेला कपडा मधल्या थरात. विरलेली साडी वर घेतली तर वर्षात फाटते.

टाके घालताना हात रिकामा नसतो पण तोंड मोकळं असतं, म्हणून गोधडी दोघी-तिघींनी मिळून घालावी आणि गीतं म्हणावीत. ज्यांची साडी आत जाते त्यांचं नाव घेऊन त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. हीदेखील उपकारस्तुतीच.

नवी_पाटी | १७ फेब्रुवारी, रात्री ८:५०

शेवटचा प्रश्न. मूठभर तांदूळ बाजूला काढायची पद्धत ऐकली आहे. शहरात कशी करावी?

अंगणवेल | १७ फेब्रुवारी, रात्री ९:३५

ती पद्धत मिझोराममधली. तिथल्या मंडळीत १९१० पासून आहे, नाव बुहफाई थाम. स्वयंपाकाला तांदूळ घेताना बाई एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकते, मंडळी तो गोळा करून विकते आणि सेवाकार्य त्यावर चालतं. आपल्याकडे हंगामाच्या सणाला धान्य, कोंबड्या, भाजी वेदीपाशी आणतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो, त्याचंच हे रोजचं रूप समजा.

माप: एक मूठ ३५ ग्रॅम धरली तर दोन वेळच्या दोन मुठी ७० ग्रॅम, महिन्याला २ किलोच्या थोडं वर. तांदूळ भांड्यात घेतल्यावर, धुवायच्या आधी त्यातूनच मूठ काढायची. डब्यातून वेगळी काढली तर ती दान होते, पण आपलं ताट तेवढंच राहतं. घरातल्या घासातून ती कमी व्हायला हवी.

शहरात अडचण येते ती मिसळीची. एका घरचा कोलम, दुसऱ्याचा आंबेमोहोर, तिसऱ्याचा जुना बासमती एकत्र केला तर निम्मा कच्चा, निम्मा गाळ होतो आणि कोणी विकत घेत नाही. दोन मार्ग आहेत. मंडळीतल्या दहा-बारा घरांनी वर्षभर एकाच जातीचा तांदूळ घ्यायचा, किंवा मिसळीचा तांदूळ खिचडीसाठीच द्यायचा, कारण मऊ खिचडीत फरक लपतो. डबा दोन किलोचा, झाकणाचा, ज्यातून आतलं दिसतं असा, तांदळाच्या मोठ्या डब्याशेजारी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पूर्ण रिकामा करायचा, तळाशी दाणाही ठेवायचा नाही, पुसून तासभर उन्हात. तळाला राहिलेल्या मूठभर दाण्यांतूनच पुढच्या महिन्याची कीड येते.

उद्या सकाळी राखेची उपासना सातला आहे. वहीची पहिली पानं झाली की इथे टाका, चौथा रकाना विशेष पाहायचा आहे.